परीटघडीचे लंगोट

“घडी मोडू नको हां, कुंदा. वरचा पहिला घे, मग खालचा. उपसाउपशी करायची न्हाय,” असं बजावून मामंजींनी लंगोटांचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

गठ्ठा कसला, पत्त्यांचा नवा कोरा कॅट वाटावा. प्रत्येक लंगोट पांढराशुभ्र, चारी कोपरे जुळलेले, इस्त्रीनं कड बोट कापेल अशी बसलेली. ते सगळे एका स्वच्छ फडक्यात बांधलेले आणि फडक्याची गाठसुद्धा बरोबर मध्यावर. फलटणच्या पेठेत आमची ‘धवल लॉन्ड्री’ होती. गावातले वकील, मास्तर, डॉक्टर, झाडून सगळे मामंजींच्या हातचा कपडा अंगात घालत. एखाद्याचा सदरा रस्त्यानं जाताना दिसला की मामंजी दुकानातूनच म्हणायचे, “हा आपला.” आणि तो आपलाच असायचा.

मी हर्षूला घेऊन माहेरून आले, त्या दिवशी मामंजींनी नातवाला मांडीवर घेतलं, त्याचे पाय डोळ्यांना लावले आणि मग त्यांची नजर दोरीवरच्या लंगोटांवर गेली. माझ्या आईनं स्वतःची जुनी लुगडी फाडून शिवलेले ते लंगोट. धुऊन धुऊन मऊ झालेले आणि रंगाला, खोटं कशाला सांगू, जरा पिवळटच. मामंजींनी त्यातला एक दोन बोटांत धरून उचलला.

“राऊताचा नातू आन् असली लंगोटी? लोक काय म्हणतील? दिव्याखाली अंधार म्हणतील.”

त्या दिवसापासून नातवाचं धुणं त्यांनी स्वतःकडे घेतलं. दुकानातल्या गड्यांना हात लावू देईनात, आमच्या ह्यांनासुद्धा नाही. बाकीच्या कपड्यांबरोबर नाही, वेगळ्या हंड्यात ते लंगोट भट्टीला लावायचे. सोडा, मग नीळ, मग साबुदाण्याची खळ आणि वर कडक इस्त्री. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ज्या काळात बापसुद्धा ओल्या पोराला लांबून हात करायचे, त्या काळात आजा लंगोट धुतोय म्हणजे तमाशाच होता. मला मात्र त्यांचं फार कौतुक वाटायचं. माझे वडील मी लहान असतानाच गेलेले. माझ्या पोराचं एवढं कुणी करतंय, हेच मला पुष्कळ होतं.

आणि थोड्याच दिवसांत हर्षूचं अंग लाल झालं.

आधी जांघेत नुसती लाली होती. मग ती मागे पसरली, बारीक पुरळ उठलं आणि पुरळाचं ओलसर सालपट निघायला लागलं. लघवी केली की पोर असं किंचाळायचं की शेजारच्या भिंतीपलीकडून विचारणा व्हायची, “कुंदे, चिमटं काढतीस काय गं लेकराला?”

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. बाई कामाला वाघीण, पण जिभेला हाड नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल लावून टाकला.

“तुझ्या आईनं प्लास्टिकच्या चड्ड्या घातल्या आसणार. तीच उष्णता बाहेर पडतीया.”

माझा भाऊ जालिंदर, त्यानं हौसेनं डायपरचं एक पाकीट आणून दिलं होतं. येताना एसटीत त्यातले दोन वापरले, एवढाच काय तो गुन्हा. पण ते उघडलेलं पाकीट सासूबाईंनी फडताळाच्या दर्शनी भागात ठेवलं. कुणी बाळाला बघायला आलं की त्या बोट दाखवायच्या, “हे बघा, हिच्या म्हायेरचं धन.”

मी म्हणायचे, “आत्या, प्रवासात एकदाच घातले होते.”

“इख एकदाच खात्यात.”

मग उपचार सुरू झाले. तुपात हळद कालवून लावली, तर पोर दिवसभर पिवळं आणि रात्रभर रडकं. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुतलं. पावडर थापली, तर ती ओल्यानं भिजून जांघेत चिखल झाली. माझ्या जेवणातलं तिखट गेलं, वांगं गेलं, चहासुद्धा गेला. अंगावर पाजणारी बाई ती, तिच्याच दुधातून सगळं उतरतं, असं जी ती सांगून जायची. मी फिकं वरण आणि भात गिळत राहिले. खरं सांगायचं तर तोवर माझाही स्वतःवरचा विश्वास उडाला होता. मला वाटायला लागलं, माझ्याच हाताला स्वच्छता नाही. परटाच्या घरची सून आणि तिचं पोर खाली असं सडलेलं! आंघोळ घालताना कुणी आलं की मी टॉवेल टाकून त्याला झाकायची. आपल्या पोराला असं लपवायची पाळी कुणावर येऊ नये.

शेवटी मी हट्टानं डॉक्टरांकडे नेलं. सासूबाई बरोबर होत्याच. डॉक्टरांनी पाय वर करून पाहिलं, चुचकारलं आणि एक पांढऱ्या मलमाची नळी लिहून दिली.

“पावडर, हळद सगळं बंद करा. कोमट पाण्यानं नुसतं धुवायचं, मऊ फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही. मलम पातळ लावा. आणि जेवढा वेळ उघडं ठेवता येईल तेवढा ठेवा, वारं लागू दे,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “लंगोट कसे धुता? सोडा-साबण राहत नाही ना कापडात?”

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, तुमच्या अंगातला शर्ट कुणी धुतलाय?”

डॉक्टरांनी आपल्या कॉलरकडे पाहिलं आणि हसले. “राऊतांनी! मग तो प्रश्नच मिटला.”

प्रश्न तिथंच मिटला. मीही हसले होते.

त्यानंतर दुपारी सगळे दुकानात किंवा झोपेत असले की मी हर्षूला गोधडीवर उघडा सोडायची. तो पाय झाडत पडायचा, स्वतःशीच बोलायचा. संध्याकाळपर्यंत लाली थोडी ओसरायची. मग दिवेलागणीला मामंजी नवा गठ्ठा घेऊन यायचे, मी वरचा पहिला लंगोट घ्यायची, आणि सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मला वाटायचं, दुपारी गुण येतो तो मलमाचा आणि सकाळी जातो तो माझ्या दुधानं.

अशातच जावळाची तारीख ठरली.

जावळ म्हणजे मामाच्या मांडीवर बसून केस काढायचे, बाळाच्या आत्यानं ते पदरात झेलायचे आणि मग अंगणात चौरंगावर बसवून सगळ्यांदेखत बाळाला न्हाऊ घालायचं. आणि तेही अंगावर धागा न ठेवता. भावकी येणार होती, दुकानाची मोठी गिऱ्हाइकं येणार होती, माझी आई आणि जालिंदर येणार होते. त्या सगळ्यांसमोर ते लाल, सोललेलं अंग उघडं पडणार होतं. मी ह्यांना म्हटलं, “जावळ पुढं ढकलूया का?”

हे वडिलांना अण्णा म्हणत. म्हणाले, “अण्णांनी सगळ्यांना सांगितलंय. आता कसं ढकलायचं?” आणि पुन्हा इस्त्रीकडे वळले. आमचे हे स्वभावानं गरीब. दोन माणसं भांडायला लागली की ह्यांना हमखास दुकानातलं काम आठवायचं.

जावळाच्या दिवशी आई आणि जालिंदर सकाळीच आले. आईनं नवं झबलं, टोपडं आणि मामाकडून चांदीचा करगोटा आणला होता. सासूबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “चड्ड्या न्हाय आणल्या का ह्या खेपेला?”

आई नुसतीच हसली. तिला काही ठाऊक नव्हतं. मी कळवलंच नव्हतं. काय कळवणार होते, की तुझ्या नावानं इथं रोज शिमगा होतो?

आतल्या खोलीत आईनं हर्षूला घेतलं. तो ओला होता. तिनं लंगोट सोडला आणि तिचा हात थांबला. मी भराभर सांगायला लागले, मलम लावतेय, उघडं ठेवतेय, तिखट सोडलंय. आई ऐकत नव्हती. तिनं तो ओला लंगोट बोटांत चोळला. मग गठ्ठ्यातला वरचा कोरा लंगोट घेतला, त्याची घडी मोडली आणि कापड ओठांवरून फिरवलं. मला वाटलं, ती वास घेऊन बघतेय की धुतलेत की नाही. माझा पाराच चढला.

“आता तू पण माझी परीक्षा घे,” मी म्हटलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. “कोण धुतंय हे?”

“मामंजी. स्वतः. कुणाला हात लावू देत नाहीत.”

“बरं,” आई म्हणाली. लंगोट पुन्हा तसाच घडी घालायचा तिनं प्रयत्न केला, पण ती घडी तिला जमेना. तेवढ्यात बाहेरून हाक आली आणि आम्ही अंगणात गेलो.

जावळ छान झालं. हर्षू मामाच्या मांडीवर कैचीच्या आवाजाला हसत होता. मग त्याला चौरंगावर घेतलं. माझ्या नणंदेनं झबलं काढलं, लंगोट सोडला आणि “आगं बया!” म्हणून तिनं हात मागं घेतला. मागच्या बायका माना उंच करून बघायला लागल्या. पोरावर कोमट पाणी पडलं तसं त्यानं टाहो फोडला.

कुणीतरी म्हणालं, “लय दिवसाचं दिसतंय.”

कुणीतरी विचारलं, “धूत न्हाईत का गं वेळच्या वेळी?”

सासूबाईंना तेवढंच हवं होतं. त्यांच्या दाराची, त्यांच्या धंद्याची अब्रू जात होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आमच्या घरात घाण न्हाय हो! पोर तिकडनंच असं आलंय. विहीणबाईंनी लेकीला पोर सांभाळायचं शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती. इचारा की त्यांनाच, समोरच हायत.”

सगळ्यांच्या नजरा आईवर गेल्या. आई चौरंगाशी तांब्या धरून उभी होती. जालिंदर तट्कन पुढं झाला, “आत्या, तोंड सांभाळून...” तर आईनं त्याचं मनगट धरून मागं ओढलं.

आणि मग ती म्हणाली, “व्हय. आमचंच चुकलं. लेक लहान हाय, तिला बोलू नका. मला समजलं न्हाय.”

तिनं हात जोडले. तांब्या हातात होता, त्याच्यासकट जोडले. त्यातलं पाणी तिच्याच पायावर सांडलं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला. पण मला लाज कुणाची वाटली ते सांगते. मला आईची लाज वाटली. तिच्या त्या जोडलेल्या हातांची, भिजलेल्या लुगड्याची, तिच्या खाली घातलेल्या मानेची. आपली आई एवढ्या माणसांत अशी का वाकली म्हणून मला तिचा संताप आला. मी ओल्या पोराला टॉवेलात गुंडाळलं आणि आत निघून गेले.

आई माझ्या मागं स्वयंपाकघरात आली.

“कशाला कबूल केलंस?” मी तिच्यावर फिस्कारले. “काय चुकलं होतं तुझं? मला ह्या घरात आता तोंड वर काढता येईल का?”

“हळू बोल.”

“का हळू बोलू?”

आईनं मागच्या दाराकडे पाहिलं, कुणी दिसलं नाही, तशी ती माझ्याजवळ सरकली. “लंगोटात खळ हाय, कुंदे. सोडा पण ऱ्हायलाय. कोरडं आसतं तवर घासतंय, आन् पोरानं ओलं केलं की चिकट हून अंगाला बसतंय. ओठाला लावून बघ, आग हुतीया. माणसाच्या सदऱ्याला ठीक हाय ते. ह्याच्या कातड्याला कसं सोसंल?”

दुपारची गोधडी, संध्याकाळचा गठ्ठा, सकाळचं रडणं, सगळं एका ओळीत उभं राहिलं. मीच रोज घडी न मोडता वरचा पहिला लंगोट घेत होते.

“मग तिथं का नाही सांगितलंस?”

“तिथं? त्यांच्या भावकीत? त्यांच्या गिऱ्हाइकांम्होरं?” आई म्हणाली. “त्या माणसानं हौसेनं केलंय गं. म्हाताऱ्याचा सगळा जन्म त्या भट्टीवर गेला. त्यालाच तू धुवायला चुकलास म्हणायचं? मी काय, दुपारच्या गाडीनं जाणार. माझी इज्जत माझ्याबरं गावाला जाईल. तू असं कर, गठ्ठा आला की गुपचूप साध्या पाण्यात खळबळून काढ, सावलीत वाळव. कुणाला बोलू नको. आठ दिवसांत पोर बरं हुईल.”

मी काही बोलणार, तोच मागच्या दारात काहीतरी खाली पडलं.

मामंजी उभे होते. डोक्यावर जावळासाठीची नवी टोपी. अंगणातलं ते बोलणं ऐकूनच ते उठून दुकानात गेले होते आणि नातवाला न्हाणं झाल्यावर लागतील म्हणून ताजे लंगोट घेऊन मागच्या बोळानं आले होते. फडक्याची गाठ सुटून लंगोट उंबऱ्यावर सांडले होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. आई चटकन पदर सारखा करून भिंतीला टेकली.

मामंजींनी वाकून एक लंगोट उचलला, तळहातावर घासला. मग दुसऱ्या तळहातावर. पुन्हा पुन्हा घासत राहिले.

“मला काय लागत न्हाय,” ते म्हणाले. आमच्याशी नव्हे, हातांशीच बोलल्यासारखे. सोड्यानं आणि वाफेनं त्यांचे तळहात जुन्या चपलेच्या तळासारखे झाले होते. “रोज हात फिरवून बघतो मी. मऊच लागतंय मला.”

मग त्यांनी तो लंगोट आईसारखा ओठांवरून फिरवला. डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. टॉवेलातून बाहेर आलेला हर्षूचा लाल पाय दिसत होता, त्याच्याकडे पाहिलं.

आई घाईनं म्हणाली, “व्याहीबुवा, तसं काय न्हाय. पोरांचं कातडं नाजूक, कशानं बी...”

मामंजींनी उंबऱ्यावरचे सगळे लंगोट गोळा केले. खोलीतला सकाळचा गठ्ठाही उचलला आणि तसेच पुढच्या अंगणात गेले.

अंगणात पंगतीची तयारी चालली होती. मामंजींनी न्हाणीजवळची मोठी बादली ओढून मधोमध आणली, हौदातलं पाणी भरलं, टोपी काढून बाजूला ठेवली आणि बादलीशी उकिडवे बसले. एकेका लंगोटाची घडी झटकून मोडत ते पाण्यात टाकायला लागले.

“राऊत, आता काय काढलंय?” कुणीतरी हसत विचारलं.

“खळ काढतोय.”

“खळ? लंगोटाला?”

“मीच घातली हुती,” मामंजी म्हणाले. आवाज एवढा साधा की पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. “पोराची आग त्यानंच झालीया. विहीणबाईंचं काय चुकलं न्हाय. कुंदाचं बी न्हाय.”

सासूबाई वाढपाचं भांडं टाकून धावल्या. “अहो, उठा! काय मांडलंय हे? सगळी माणसं बघत्यात.”

“बघू दे की. मगाशी विहीणबाईंकडं बघत हुती, तवा तू कुठं कुणाला उठवलंस?”

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या दोन पावलं मागं सरल्या. आमचे हे हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा धरून उभेच राहिले, आणि दुकान समोर असूनही ह्या वेळी तिकडे गेले नाहीत.

आई दारातून हे सगळं पाहत होती. ती पुढं गेली. “उठा व्याहीबुवा, मी करते. शोभत न्हाय हे.”

“शोभायचं ऱ्हाऊ द्या,” मामंजी म्हणाले. पाण्यातले ते जाड हात त्यांनी वर केले. “मला हातानं कळत न्हाय. तुम्ही सांगा, किती पाण्यातनं काढायचं?”

आईनं नव्या लुगड्याचा ओचा खोचला आणि बादलीच्या दुसऱ्या बाजूला बसली.

“पाणी नितळ येईस्तवर,” ती म्हणाली.

दोघं खळबळायला लागले. बादलीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं. मी हर्षूला उघडाच खांद्यावर घेऊन दारात उभी होते. पुढं होऊन त्यांच्या हातातलं काम घ्यावं, आईला निदान हाक मारावी, असं फार वाटत होतं, पण तिच्या जोडलेल्या हातांची मला लाज वाटली होती आणि तेच हात आता माझ्या पोराचे लंगोट पिळत होते. माझा पाय उचलेना.

आईनं गढूळ पाणी ओतून दिलं आणि बादली सरळ केली. तेवढ्यात सासूबाई हौदावरून घागर भरून घेऊन आल्या. आईकडे त्यांनी पाहिलं नाही. मान खाली घालून त्या उभ्या राहिल्या, घागर हातातच राहिली.

आईनंच रिकामी बादली त्यांच्या घागरीखाली सरकवली.